एक वाजून सात मिनिटं

एक ते तीन या वेळेसाठी, जुनी वर्तमानपत्रं फिल्मच्या रिळावर बघायचं मायक्रोफिल्मचं मशीन माझ्या नावावर होतं. वहीत तसं लिहिलेलं होतं. आडनाव चुकीचं लिहिलं होतं, पण लिहिलं होतं. आणि मी गेलो तेव्हा त्या मशीनपुढे लाल सस्पेंडर्सवाले एक आजोबा ठाण मांडून बसले होते. मी घसा खाकरला. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "अजून एक वाजलेला नाही."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून सात मिनिटं झाली होती.

परवाचीच गोष्ट, राग अजून ओला आहे, तेव्हा मागचं भराभर उरकतो. अमेरिकेत १८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिणेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांचं उखळ पांढरं झालं, हे आजवर पुष्कळांनी लिहिलंय. पण नेमक्या कुठल्या लढाईची बातमी कापसाला भोवली, हे तिथल्या जुन्या वर्तमानपत्रांतून शोधून काढतो, असं मी एका दिवाळी अंकाच्या संपादकांना कबूल केलं होतं. म्हणून न्यू जर्सीहून गाडी हाकत पेनसिल्व्हेनियातल्या एका संस्थेच्या वाचनकक्षात गेलो. संस्थेचं नाव सांगत नाही, पुन्हा जावं लागणार आहे.

दारातच पेन काढून घेतलं. कागदपत्रांना शाईचा धोका, हे मला मान्य आहे. पण बदल्यात जी पेन्सिल दिली ती करंगळीएवढी होती आणि तिच्या बुडाशी दातांच्या खुणा होत्या. माझ्या नव्हेत. मग एक फॉर्म दिला. त्यात नाव, पत्ता, संशोधनाचा विषय आणि 'सैनिकाशी नातं' असा रकाना. मी तो रिकामा सोडला. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म परत केला. रिकामं चालत नाही.

"पणजोबा की खापरपणजोबा?"

"माझं कुणीच नव्हतं या युद्धात. माझे खापरपणजोबा तेव्हा वाईत होते."

"कुठल्या बाजूने?"

"नदीच्या," मी म्हटलं.

बाईंनी गंभीरपणे 'इतर' वर खूण केली.

या वाचनकक्षांत इतिहासासाठी कुणी येतच नाही, हे तिथे तासभर बसलं की कळतं. सगळे आपापल्या खापरपणजोबांसाठी येतात. ते कुठल्या रेजिमेंटमध्ये होते, पेन्शन किती मिळाली, जखम झाली ती पुढून की पाठीत. ज्याच्या घरचा माणूस तिथे लढला नाही, तो इथे काय करतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. कुणी अपमान करत नाही, हसून बोलतात. बाहेरून कुणाच्या घरच्या लग्नात जेवायला बसल्यासारखं वाटतं, इतकंच.

तर आजोबा. त्यांनी खिशातून साखळीचं घड्याळ काढलं, झाकण उघडलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. बारा सत्तावन्न.

"भिंतीवरचं पुढे आहे," ते म्हणाले. "आणि तुम्ही वेळेचं मला सांगू नका, मी त्यावरच काम करतोय."

खरोखरच त्यावरच करत होते. ३ जुलै १८६३ रोजी, पेनसिल्व्हेनियातल्याच गेटिसबर्गच्या लढाईच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी दक्षिणेच्या तोफा धडाडल्या आणि मग पिकेट वगैरे सेनापतींच्या हाताखाली सुमारे साडेबारा हजार माणसं उघड्या शेतातून टेकडीवर चालून गेली. त्या तोफा किती वाजता सुरू झाल्या, हा आजोबांचा प्रश्न. निवृत्त झाल्यापासून एवढाच प्रश्न.

"एक वाजता," मी घाईने म्हटलं. वाचलं होतं कुठेतरी.

"एक वाजून सात मिनिटांनी. गेटिसबर्गच्या कॉलेजात मायकेल जेकब्स नावाचे गणिताचे प्राध्यापक होते, त्यांनी टिपून ठेवलंय. दोन वाजताचं तापमानसुद्धा टिपलंय, सत्त्याऐंशी अंश फॅरनहाइट. गावात एवढी कत्तल चाललीय आणि हा माणूस थर्मामीटर बघतोय!" असल्या माणसाचा शब्द त्यांना वेदवाक्य होता, हे उघडच होतं. "पण त्याचं घड्याळ कशावर लावलेलं होतं? हा खरा मुद्दा."

मुद्दा खराच होता, हे मान्य करताना आजही माझी दाढ दुखते. अमेरिकेत रेल्वेवाल्यांनी प्रमाणवेळ आणली ती १८ नोव्हेंबर १८८३ रोजी. त्याआधी ज्या त्या गावाची वेळ सूर्य डोक्यावर आला की ठरायची. दक्षिणेची फौज व्हर्जिनियाहून आलेली, उत्तरेच्या फौजेत मेनपासून मिनेसोटापर्यंतचे लोक, आणि खिशातलं घड्याळ कुणी कुठे लावलं देव जाणे. त्यामुळे एकच तोफ एका अधिकाऱ्याच्या अहवालात एकदा उडते, दुसऱ्याच्या अहवालात भलत्याच वेळी. आणि मारा किती वेळ चालला, यावर तर पाऊण तासापासून दोन तासांच्या पुढेपर्यंत ज्याला जे वाटलं ते. ज्याच्या डोक्यावर गोळे पडत होते त्याला जास्त वाटणार, हे साहजिक आहे.

"मग आता किती वाजले?" मी विचारलं.

"कुणाच्या हिशेबाने?" आजोबा म्हणाले आणि रीळ पुढे फिरवू लागले.

मी काउंटरवर तक्रार केली. बाई म्हणाल्या, "ते आमचे नेहमीचे आहेत." जणू तेच उत्तर. पुढे म्हणाल्या, "तोवर तुम्ही उघड्या कपाटातलं काहीतरी बघा ना."

उघड्या कपाटात सरकारी दप्तर होतं. युद्धातले दोन्ही बाजूंचे अहवाल, तारा आणि पत्रं अमेरिकन सरकारने १८८० ते १९०१ या काळात छापून काढली. जाडजूड १२८ पुस्तकं, काळ्या पुठ्ठ्याची, पाठीवरची सोनेरी अक्षरं उडालेली. मी एक ओढून उभ्याउभ्याच वाचू लागलो. ज्याने कुणी सरकारी किंवा खासगी नोकरी केलीय त्याला हे पुस्तक वाचायला कसलीही तयारी लागत नाही. प्रत्येक सेनापती विजय माझ्यामुळे झाला असं लिहितो आणि पराभव शेजारच्या तुकडीमुळे. 'मी सूचना दिली होती, ती वेळेत पोहोचली नाही.' 'डावी बाजू मला न कळवता मागे गेली.' दीडशे वर्षांपूर्वीची 'कारणे दाखवा'ची उत्तरं, फरक इतकाच की खाली हजारो मृतांचे आकडे.

यातला माझा लाडका उत्तरेचा सेनापती डॅनियल सिकल्स. गेटिसबर्गच्याच लढाईच्या दुसऱ्या दिवशी यांना नेमून दिलेली जागा पसंत पडली नाही, म्हणून सरसेनापती मीडला न विचारता अख्खं कोअर, म्हणजे हाताखालचं सारं सैन्य, घेऊन हे पुढे पीचच्या बागेत जाऊन उभे राहिले. तिथे कोअरची धूळधाण झाली आणि तोफगोळ्याने यांचा उजवा पाय गेला. दुसरा कुणी गप्प बसला असता. यांनी तो पाय वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयाला भेट म्हणून पाठवला, सोबत स्वतःच्या नावाचं कार्ड जोडून. पुढे वर्षानुवर्षं पायाला भेटायला जात असत. पायाचं हाड अजूनही मेरीलँडमधल्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयात बघायला मिळतं. याआधी १८५९ मध्ये या गृहस्थांनी बायकोच्या प्रियकराला व्हाइट हाउससमोरच्या चौकात गोळ्या घातल्या होत्या आणि तात्पुरतं वेड लागलं होतं असं सांगून निर्दोष सुटले होते. म्हातारपणी न्यूयॉर्कच्या स्मारक आयोगाचे अध्यक्ष झाले. १९१२ मध्ये २७-२८ हजार डॉलरचा हिशेब लागेना म्हणून तिथून घालवले. मधल्या काळात शौर्यपदक. आपल्याकडे असते तर मंत्री झाले असते, असं मी लिहिणार होतो, पण हे तिथेसुद्धा काँग्रेसमध्ये निवडून गेलेच होते.

मी हसलो ते आजोबांना ऐकू गेलं. त्यांनी मशीन सोडलं नाही, खुर्ची मात्र माझ्याकडे फिरवली. "सिकल्स वाचताय? तुमचं कोण होतं त्याच्या कोअरमध्ये?"

आता मात्र माझा संयम सुटला. म्हटलं, माझं कुणी नव्हतं, मला गेटिसबर्ग नकोच आहे, मला व्हिक्सबर्ग हवंय.

आजोबा असे बघू लागले, जणू मी पंढरपुरात येऊन बालाजीचा प्रसाद मागितला.

व्हिक्सबर्ग हे मिसिसिपी नदीवरचं शहर. उत्तरेचा सेनापती ग्रँट याने त्याला सत्तेचाळीस दिवस वेढा घातला. लोक टेकड्यांमध्ये गुहा खणून राहिले, खेचरांचं मांस खाल्लं, कागद संपला तेव्हा तिथलं वर्तमानपत्र भिंतीला चिकटवायच्या वॉलपेपरच्या मागे छापलं. ४ जुलै १८६३ रोजी, गेटिसबर्गच्या दुसऱ्याच दिवशी, शहर पडलं. सुमारे एकोणतीस हजार माणसं शरण आली. नदी उत्तरेच्या ताब्यात गेली आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले. कापूस, नदी, वाहतूक, सगळं तिथे. मुंबईच्या दलालाला पेनसिल्व्हेनियातल्या बागेशी काय देणंघेणं? पण स्मारकं कुठे, गर्दी कुठे? गेटिसबर्गला आज तेराशेच्या वर स्मारकं आणि खुणेचे दगड आहेत. व्हिक्सबर्गलाही आहेत, पण तिथे जातो कोण! आणि यावर भर म्हणून, व्हिक्सबर्ग शत्रूच्या स्वाधीन करणारा दक्षिणेचा सेनापती पेंबर्टन हा मूळचा फिलाडेल्फियाचा. आजोबांच्या राज्याचा. हे मी मुद्दाम सांगितलं.

"ते आम्ही मोजत नाही," आजोबा म्हणाले.

त्यांचे खापरपणजोबा बहात्तराव्या पेनसिल्व्हेनिया रेजिमेंटमध्ये होते. तिसऱ्या दिवशी ही रेजिमेंट दगडी कुंपणाजवळ लढली, की मागे टेकडीच्या माथ्यावर थांबून राहिली, यावर तंटा झाला. स्मारक समिती म्हणाली, तुमचं स्मारक मागे. म्हातारे शिपाई म्हणाले, पुढे, आम्ही तिथे रक्त सांडलंय. प्रकरण कोर्टात गेलं, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि १८९१ मध्ये शिपाई जिंकले. बंदूक दांडक्यासारखी उगारलेला त्यांचा शिपाई आज कुंपणापाशीच उभा आहे. २०१३ च्या वादळात पडला होता, पुन्हा उभा केला. हे सगळं आजोबांनी मला साक्षीपुराव्यांसकट ऐकवलं. कोण कुठे उभा होता, सार्जंट काय म्हणाला, धूर किती होता. माझा दीड तास यात गेला, कुणाच्याही घड्याळाने.

मी मध्ये एकदा पानिपत काढून पाहिलं. आमच्याकडेही अशी एक लढाई आहे, १७६१ ची, आम्हीही अजून त्यावर भांडतो. आजोबांनी पहिल्यांदाच रस घेतला.

"किती वाजता सुरू झाली?"

"सकाळी. नऊच्या सुमारास."

"कुणाच्या घड्याळाने?"

यावर मी बखरींची नावं सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. त्यांनी सहानुभूतीने माझ्या खांद्यावर थोपटलं. त्या थोपटण्याचा राग मला जास्त आलाय.

तीनला पाच कमी असताना त्यांनी मशीन सोडलं. माझं रीळ मी लावलं तर ते उलटं गुंडाळलेलं, वर्तमानपत्रावरचं 'फिलाडेल्फिया' हे नाव आरशात दिसावं तसं. सुलट करून जुलैतल्या बाजारभावांपर्यंत पोहोचलो. छपाई पुसट, कापसाचा रकाना नेमका घडीत गेलेला. दोन पानांच्या छायाप्रती काढल्या, त्याचे पैसे घेतले. पुढची नोंदणीवाली बाई मागे येऊन उभी राहिली आणि तिने घसा खाकरला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून एक मिनिट झालं होतं. तिच्या बाबतीत भिंतीवरचं घड्याळ चालतं.

घरी येऊन जे हाती होतं त्यावर लेख लिहिला. तेव्हा युरोपला मुंबईशी जोडणारी तार नव्हती, अटलांटिकखालची चालत नव्हती, त्यामुळे व्हिक्सबर्ग पडल्याची बातमी बोटीने आली. युद्ध संपलं तसा १८६५ मध्ये भाव कोसळला आणि कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्यासह अर्धी मुंबई बुडाली. समुद्रात भर घालून जमीन करायला निघालेल्या बॅकबे भराव कंपनीचे शेअर कवडीमोल झाले. सगळं नीट मांडून संपादकांना पाठवलं. मधे दोन ओळी सिकल्सवर टाकल्या होत्या, सहज, तोंडी लावायला.

काल त्यांचा फोन आला.

"लेख उत्तम आहे हो. फक्त तो कापसाचा भाग जरा जड होतोय, तेवढा काढू. आणि तो पायाचा किस्सा वाढवा. पायाचा फोटो मिळेल का? रंगीत असेल तर मुखपृष्ठावर घेऊ."