हायब्रिड सायकल : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

शहरात रोजची ये-जा आणि अधूनमधून दोन-तीन दिवसांची भटकंती यांसाठी हायब्रिड (रस्त्यावरची वेगवान सायकल आणि डोंगरी सायकल यांच्या मधली) सायकल घेऊ पाहणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो : पुढे सस्पेन्शन हवेच, गिअर जितके जास्त तितके चांगले, टायर बारीक आणि टणक असले तरच वेग मिळतो, आणि डिस्क ब्रेक असला की बाकी काही बघायला नको. यातला एकही मुद्दा अगदीच निराधार नाही, पण चारही मुद्दे खरेदी करणाऱ्याचे लक्ष भलतीकडे नेतात.

सस्पेन्शनचेच पाहा. बेताच्या किमतीच्या हायब्रिडला असलेला स्प्रिंगचा फोर्क (पुढचे चाक धरणारा दुभागी दांडा) साधारण 50 ते 63 मिलिमीटर दबतो, साध्या फोर्कपेक्षा किलोभर जड असतो, आणि चढावर उभे राहून पेडल मारताना तुमच्या जोराचा काही भाग स्वतःच गिळतो. मोठ्या खड्ड्याचा दणका तो सौम्य करतो हे मान्य. मात्र मनगटे दुखवणारी बारीक थरथर टायरमधली हवाच अधिक चांगली शोषते.

म्हणूनच बारीक टायरचा आग्रह उलटा पडतो. हवेचा दाब सारखा असेल, तर रुंद टायर जमिनीवर आखूड आणि आडवा टेकतो, त्यामुळे फिरताना तो कमी वाकतो आणि सहज धावतो. शर्यतीच्या सायकलीसुद्धा 23 मिलिमीटरवरून 28 आणि त्यापुढे गेल्या त्या उगाच नव्हे. शिवाय खडबडीत रस्त्यावर टणक टायर सायकल आणि स्वार दोघांनाही उडवत राहतो, आणि त्या हादऱ्यांत वाया जाणारी शक्ती अखेर पायांनाच पुरवावी लागते. बारीक टायरला हवेचा विरोध कमी होतो खरा, पण तो विरोध भारी पडेल असा वेग शहरात फार वेळ टिकत नाही. 35 ते 40 मिलिमीटरचा, लवचिक कडांचा टायर या कामाला योग्य.

गिअरच्या आकड्याइतकी फसवी गोष्ट दुसरी नसेल. पुढे 48, 38 आणि 28 दातांच्या तीन चकत्या आणि मागे 14 ते 28 दातांचे फ्रीव्हील (सात चकत्यांचा संच) असे 21 गिअर घ्या : सर्वांत हलक्या गिअरचे गुणोत्तर (पुढचे दात भागिले मागचे दात; जितके कमी तितका चढ सोपा) 1 येते, सर्वांत जड गिअरचे सुमारे 3.4. आता पुढे 40 दातांची एकच चकती आणि मागे 11 ते 42 दातांची 10 चकत्यांची कॅसेट घ्या : हीच गुणोत्तरे अनुक्रमे 0.95 आणि 3.6 होतात. म्हणजे दहा गिअरची सायकल एकवीसवालीला दोन्ही टोकांना मागे टाकते! एकविसातले कित्येक गिअर एकमेकांची नक्कल असतात. सामान लादून घाट चढायचा असेल, तर दुकानात गिअर मोजण्याऐवजी पुढच्या सर्वांत लहान आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दात मोजावेत.

डिस्क ब्रेक पावसात उपयोगी पडतो आणि रिम झिजवत नाही. पण केबलने चालणारा हलक्या दर्जाचा डिस्क ब्रेक चांगल्या व्ही-ब्रेकपेक्षा (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकपेक्षा) सरस असेलच असे नाही.

या सल्ल्यात जे मुळीच येत नाही, ते भटकंतीत रोज भोवते. मागच्या आसाजवळ कॅरिअर आणि मडगार्ड बसवण्याची आटे पाडलेली भोके आहेत का, डिस्कचा कॅलिपर (डिस्कला दाबणारा ब्रेकचा भाग) कॅरिअरच्या पायाला आडवा येतो का, मडगार्ड लावल्यावर टायरभोवती मोकळी जागा उरते का, आणि पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूला लटकणारी पिशवी) लटकवल्यावर पेडल मारताना टाच तिला घासते का, हे पैसे मोजण्यापूर्वी तपासावे. शेवटच्या तपासणीसाठी पॅनिअर सोबत घेऊनच दुकानात जावे.