‘रक्तात दिसत नाही म्हणजे आजारच नाही’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्याभरात तो एकच मेसेज मला चार जणांकडून आलाय, आणि शेवटी ज्यांनी पाठवला ते चांगले शिकलेले, समजूतदार गृहस्थ आहेत, म्हणून लिहायला बसले. मेसेज लांबलचक आहे पण मजकूर थोडक्यात असा: डिप्रेशन, बायपोलर, ओसीडी ही सगळी औषध कंपन्यांनी काढलेली नावं. यातला एकही आजार रक्तात किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. डॉक्टर पुस्तकातली यादी वाचून लेबल लावतात आणि त्या यादीत कोणीही बसतं. १९७३ साली धडधाकट माणसांना हॉस्पिटलांनी वेडं ठरवलं होतं. २०२२ साली शास्त्रज्ञांनीच कबूल केलं की मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाची गोष्ट थाप होती. पूर्वीच्या लोकांना असलं काही होत नव्हतं. आणि शेवटची ओळ, गोळ्यांचं व्यसन लागतं, आजच बंद करा.

मी डॉक्टर नाही. माझ्या मोठ्या बहिणीला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी टोकाचा खाली जातो तर कधी टोकाचा चढतो, आणि बरीच वर्षं मी तिच्याबरोबर डॉक्टरांसमोर बसतेय, तिची फाइल सांभाळतेय, जमेल तेवढं वाचतेय. ती शेवटची ओळ नसती तर कदाचित सोडून दिलं असतं, पण अशी ओळ वाचून खरंच गोळ्या बंद करणारी माणसं असतात, आमच्याच घरात झालंय ते, त्यामुळे एकेक मुद्दा घेते.

तपासणीत दिसत नाही, हा पहिला मुद्दा. यात अर्धं खरं आहे. डिप्रेशन ठरवणारी रक्ताची टेस्ट नाहीये, स्कॅनही नाही, आणि हे काही कोणी लपवलेलं नाही, कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ विचारलं की सांगतो. पण मायग्रेनची तरी टेस्ट कुठे आहे? डोकं एका बाजूला ठणकतं का, किती तास, उजेड सहन होतो का, मळमळतं का, असं विचारत विचारतच डॉक्टर मायग्रेन म्हणतात, आणि स्कॅन सांगितलाच तर तो दुसरं काही नाही ना हे बघायला. पार्किन्सनसुद्धा मुख्यतः हालचाली बघून, तपासून ओळखतात. त्या पेशंटला कोणी म्हणत नाही की रिपोर्ट दाखव नाहीतर तू नाटक करतोयस.

शिवाय टेस्ट करतच नाहीत हे तर साफ चुकीचं. ताईच्या सुरुवातीच्या तपासणीत थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी१२ सगळं बघितलं होतं. कारण थायरॉइड कमी पडलं की माणूस मंदावतो, सारखा थकतो, उदास होतो, आणि तेच वाढलं की छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, म्हणजे वरवर बघितलं तर अँग्झायटीच. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मूड भलताच चढू शकतो. दारूने काय काय होतं ते वेगळं सांगायला नको. आणि २००७ साली एक आजार नीट ओळखला गेला, एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, त्यात शरीराच्याच अँटिबॉडीज मेंदूवर उलटतात आणि चांगला असलेला तरुण माणूस थोड्याच दिवसांत भलतंसलतं बोलायला लागतो, त्याला भास होतात, कुणालाही स्किझोफ्रेनिया वाटावा असं. त्याची मात्र टेस्ट आहे आणि उपचार पूर्ण वेगळे आहेत. म्हणजे या क्षेत्रात टेस्टचं काम काय, तर आधी बाकीची कारणं बाजूला काढणं. ते केल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही, आणि तुमच्या डॉक्टरांनी केलं नसेल तर तुम्ही विचारलंच पाहिजे.

आता यादी. मला सगळ्यात जास्त याच मुद्द्यावर बोलायचंय, कारण हा मेसेज लिहिणाऱ्याने यादी अर्धीच वाचलीय.

निदानासाठी जगभर मुख्यतः दोन पुस्तकं वापरतात, अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचं डीएसएम आणि जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी, ज्याची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. डीएसएममध्ये डिप्रेशनची ९ लक्षणं आहेत: उदासी, कशातच रस न वाटणं, झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, मंदावणं किंवा अस्वस्थ हालचाल, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार. एवढंच वाचलं तर हो, वाईट आठवडा गेलेला कोणीही यात बसेल. पण त्याखाली काय लिहिलंय? ९ पैकी कमीत कमी ५ हवीत, त्यात पहिल्या दोनपैकी एक हवंच, ती सलग २ आठवडे जवळजवळ रोज असायला हवीत, आधी होता त्यापेक्षा माणूस बदललेला हवा, त्याने त्रास होत असला पाहिजे किंवा काम, घर, नाती यांवर परिणाम होत असला पाहिजे, आणि दुसऱ्या आजाराने किंवा कुठल्या औषधाने, नशेने ते होत नसलं पाहिजे. या अटी म्हणजेच निदान. लक्षणं प्रत्येकाला कधी ना कधी असतात, त्याला कोणी आजार म्हणतच नाहीये.

बाकीच्यांचंही तसंच. कुलूप दोनदा ओढून बघणं म्हणजे ओसीडी नाही, तोच तो नकोसा विचार आणि तीच ती कृती दिवसाचा तासाहून जास्त वेळ खात असेल किंवा त्याने जगणं अडत असेल तेव्हा ओसीडी. परीक्षेआधी पोटात गोळा येणं म्हणजे अँग्झायटी डिसऑर्डर नाही, कायम मागे लागलेल्या काळजीला तिथे ६ महिन्यांची अट आहे. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, म्हणायचं तर लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून आणि कमीत कमी दोन ठिकाणी दिसायला हवीत, नुसतं ऑफिसात कंटाळा येतो म्हणून नाही. स्किझोफ्रेनियात आजाराच्या खुणा ६ महिने टिकलेल्या लागतात. आणि ते मोबाइलवरचे प्रश्न भरून मार्क काढतात ना, डिप्रेशनची पीएचक्यू-९ प्रश्नावली वगैरे, त्यात ० ते २७ स्कोअर येतो आणि १० किंवा जास्त आला तर अर्थ एवढाच की कोणाला तरी नीट दाखवा. तो स्कोअर म्हणजे निदान नाही, हे दोन्ही बाजूंच्या लोकांनी लक्षात ठेवावं, लगेच स्वतःला लेबल लावून घेणाऱ्यांनीसुद्धा.

यादी वाचून निदान होत असतं तर ताईचं पहिल्या दिवशीच झालं असतं. तिला काही वर्षं डिप्रेशन म्हणूनच औषधं चालू होती. त्यात डॉक्टरांची चूक किती आणि आमची किती मला सांगता येणार नाही, कारण आम्ही तिला न्यायचोच मुळी ती अंथरुणातून उठेनाशी झाली की. मधले ते दिवस, जेव्हा ती रात्री तीन तास झोपून सकाळी टवटवीत असायची, एकदम चार नवी कामं काढायची, समोरच्याला बोलूच द्यायची नाही, पैसे भसाभस खर्च करायची, त्याला आम्ही घरी म्हणायचो ‘बरं झालं बाई, सावरली’. आम्हाला आनंद व्हायचा! कोणी ते सांगितलंच नाही आणि कोणी विचारलंही नाही. मग एका डॉक्टरांनी ताईला नाही, मला विचारलं, की याच्या बरोब्बर उलट दिवस कधी आले होते का, किती दिवस टिकले, झोप कमी होऊनही दमत नव्हती का. त्या एका प्रश्नाने निदान बदललं आणि औषधही बदललं. बायपोलरची सुरुवात बऱ्याचदा उदासीच्या टप्प्यानेच होते, आणि चढत्या टप्प्यात त्या माणसाला स्वतःला काहीच बिघडलंय असं वाटत नाही, उलट आयुष्यात कधी नव्हे एवढं छान वाटतं, म्हणून घरच्यांना विचारावं लागतं. हे महत्त्वाचं अशासाठी की बायपोलरमध्ये नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काही जणांचा मूड उलटा उसळतो.

पद्धत निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. डीएसएमची पाचवी आवृत्ती २०१३ ला आली, त्याआधी दोन डॉक्टर एकाच पेशंटला वेगवेगळे भेटून एकच निदान करतात का हे तपासलं होतं. ० म्हणजे नुसता योगायोग आणि १ म्हणजे पूर्ण एकमत अशा मोजमापात पीटीएसडीला (मोठ्या आघातानंतर मागे लागणारा मानसिक त्रास) ०.६७ मिळाले, डिप्रेशनला फक्त ०.२८. हे कमीच आहे. आणि समलैंगिकता १९७३ पर्यंत आजार म्हणून याच पुस्तकात होती, ती चूक होती आणि काढावी लागली. पण यातून निघतं काय? की सीमारेषा पुसट आहेत, उदासी आणि काळजी बहुतेकदा हातात हात घालून येतात, पाच मिनिटांत शिक्का मारणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, दुसरं मत घ्यावं. समोरचा माणूस दोन महिने आंघोळीला उठत नाहीये ही गोष्ट त्याने खोटी होत नाही.

१९७३ चा तो प्रयोग डेव्हिड रोझेनहान यांचा, ‘सायन्स’ मासिकात आलेला. ८ धडधाकट माणसं १२ हॉस्पिटलांत गेली, आवाज ऐकू येतात एवढंच सांगितलं आणि भरती झाली, सरासरी १९ दिवस आत राहिली. गाजलेला प्रयोग आहे. पण पत्रकार सुझाना कॅहॅलन यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून २०१९ साली दाखवलं की स्वतः रोझेनहान यांनी भरती होताना लेखात लिहिलंय त्याहून बरीच गंभीर लक्षणं सांगितली होती, अगदी आत्महत्येचे विचारसुद्धा, आणि एका माणसाचा हॉस्पिटलमधला अनुभव चांगला होता तर त्याला लेखातून वगळलं होतं. आणि प्रयोग शंभर टक्के खरा धरला तरी, छातीत कळ येते असं खोटं सांगून गेलात तर हृदयाचे डॉक्टरही भरती करून घेतात, त्यावरून हार्ट अटॅक काल्पनिक ठरत नाही. त्या काळात निदान फार ढिसाळपणे व्हायचं हा त्यातला आरोप मात्र खरा होता, आणि लक्षणं किती, किती दिवस अशा काटेकोर अटी १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत आल्या त्या हाच ढिसाळपणा कमी करायला.

सेरोटोनिनवालं प्रकरण. जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासले आणि म्हटलं की सेरोटोनिन कमी झाल्याने डिप्रेशन होतं याचा सुसंगत पुरावा नाही. बरोबर आहे. ‘मेंदूत एक रसायन कमी पडतं’ ही फारच सोपी करून सांगितलेली गोष्ट होती आणि ती पेशंटला वर्षानुवर्षं सांगितली गेली याचा मलाही राग आहे. पण कारण चुकलं म्हणून आजार नाहीसा होत नाही ना. मलेरिया हे नावच मुळी ‘वाईट हवा’ या अर्थाचं आहे, लोकांना शतकानुशतकं वाटायचं दलदलीच्या हवेने ताप येतो, पुढे कळलं की डासामुळे. ताप आधीही खराच होता. औषधांचं म्हणाल तर २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्र अभ्यास आला, २१ औषधं, १ लाख १६ हजारांहून जास्त माणसं, आणि एकूणएक औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं. सरासरी फरक फार मोठा नाही हेही त्यातच आहे. कुणाला खूप उपयोग होतो, कुणाला पहिली गोळी लागूच पडत नाही, सौम्य त्रासात नुसत्या थेरपीनेही भागतं.

पूर्वी नव्हतं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार लक्षणांसकट दिलेत आणि प्राचीन ग्रीक वैद्य मेलँकोलियावर लिहीत होते. आजची नावं नव्हती, माणसं होती.

राहिलं व्यसन. यात दोन गोष्टींची गल्लत आहे. झोपेच्या, घबराटीच्या काही गोळ्या, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे, दीर्घकाळ घेतल्या तर शरीर त्यांच्यावर अवलंबून राहतं, हे खरंय, म्हणूनच त्या शक्यतो थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. डिप्रेशनच्या गोळ्यांची अशी तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही, पण एकदम थांबवल्या तर चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं, चिडचिड, झोप उडणं असं होतं, काहींना बरेच आठवडे होतं, म्हणून त्या हळूहळू उतरवतात. बायपोलरवरच्या लिथियमची गोष्ट आणखी वेगळी, ते एकदम बंद केलं तर मॅनिया, म्हणजे तो चढता टप्पा, उलटून येण्याचा धोका वाढतो. ताईने एकदा बंद केलं होतं. नात्यातल्याच एकांनी सांगितलं म्हणून, प्रेमानेच सांगितलं होतं. दहाव्या दिवसापासून झोप कमी व्हायला लागली आणि महिना व्हायच्या आत तिला भरती करावं लागलं.

तर मेसेज वाचून ज्यांनी गोळ्या आधीच थांबवल्यात त्यांच्यासाठी. आजच डॉक्टरांना फोन करा आणि कुठली गोळी, किती मिलीग्रॅमची, किती दिवस बंद आहे हे तिन्ही सांगा. घाबरून स्वतःच पुन्हा पूर्ण डोस सुरू करू नका, बायपोलरमध्ये देतात ते लॅमोट्रिजिन काही दिवस सुटलं असेल तर अंगावर गंभीर पुरळ येऊ नये म्हणून परत कमी डोसपासून चढवावं लागतं, आणि स्किझोफ्रेनियात देतात ते क्लोझापिन ४८ तासांहून जास्त सुटलं तर तेही अगदी थोड्यापासून. घरच्यांनी झोपेचे तास लिहून ठेवा. आणि तो माणूस मरणाबद्दल बोलत असेल तर सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतोय का म्हणून, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, आणि उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.