हेवा म्हणजे मत्सर नाही हो

लेखात हेवा, मत्सर, असूया हे सगळे शब्द एकाच अर्थाचे म्हणून दिलेत ते मला अजिबात पटलं नाही. मैत्रिणीचं नवीन घर बघून 'हेवा वाटतो गं तुझा' असं आपण तिच्या तोंडावर बोलतो आणि ती खूश होते, पण 'मत्सर वाटतो' असं कोणी म्हणेल का? मत्सर षड्रिपूंमधला, त्यात दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवतच नाही. असूया अजून वेगळी, अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात तिचा अर्थ गुणांवरही दोष लादणं असा दिलाय, म्हणजे समोरच्याचा चांगुलपणासुद्धा खोटा ठरवायचा. दत्ताच्या आईचं नाव अनसूया, जिच्यात हे नाहीच ती, किती सुंदर नाव आहे! गीतेतही नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच अर्जुनाला अनसूयू म्हटलंय.

आणि ईर्ष्या, हिंदीत सरळ जळणं पण मराठीत ईर्षेने अभ्यास केला, ईर्षेने खेळले म्हणजे चुरशीने, जिद्दीने. हल्ली हिंदी सिरीयलींमुळे हा अर्थ पुसट होत चाललाय याचं खरंच वाईट वाटतं, लेखात निदान एक ओळ तरी यावर हवी होती.