बाबांचं पान आणि ॲव्हबरीचे दगड

गेल्या भाद्रपदात बाबांच्या श्राद्धाला मी चिपळूणला गेले नाही. दादाला फोनवर सांगितलं, माझा यावर विश्वास नाही, आणि ज्या विधीत मुलीने दर्भाला हातही लावायचा नाही त्यासाठी मी रजा काढणार नाही. मग ३१ ऑक्टोबरला इथे इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये ऑफिसातल्या मैत्रिणीकडे सॉविनचं, म्हणजे तिच्या पंथातल्या पितरांच्या सणाचं, जेवण झालं. त्यात एक पान गेलेल्या माणसांसाठी मांडतात आणि जेवताना कुणी बोलत नाही. गोंयकारांच्या दुकानात काळे वाटाणे मिळाले होते. बाबांना आवडायचं म्हणून त्यांचं सांबारं करून त्या पानात वाढलं, फोटो काढला आणि भाबडेपणाने घरच्या ग्रुपवर टाकला. दादाचं उत्तर लगेच आलं : "इथे पितर नाहीत, तिथे आहेत? व्हिसा मिळाला वाटतं त्यांना."

हसू आलं आणि लागलंही. प्रश्न रास्त आहे.

ही मैत्रीण स्वतःला विक्का या पेगन पंथाची (पेगन म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या निसर्गदेवतांना मानणारे) म्हणवते, बिनदिक्कत 'विच' म्हणवते, आणि देव नाही असंही ठामपणे सांगते. तिची देवी म्हणजे चंद्राच्या कला आणि ऋतूंचं फिरणं, त्यापलीकडे काही नाही. ॲव्हबरीला साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दगडांच्या रिंगणात, आजूबाजूला मेंढ्या चरत असताना, ती दिवा लावते. रिंगणाच्या आत गाव आहे, पबसुद्धा आहे. विधी झाला की सगळे तिकडे वळतात. पंथातल्या ज्यांना देवता खरोखरीच्या वाटतात, त्यांना हे नाटक वाटतं. भांडणं त्यांच्यातही आहेत.

पण एका बाबतीत मला या लोकांचं कौतुक आहे. विक्का जगापुढे आणला तो जेराल्ड गार्डनर या निवृत्त कस्टम अधिकाऱ्याने. मलायात नोकरी करून इंग्लंडला परतलेला गृहस्थ. १९५४ साली त्याने पुस्तक लिहून सांगितलं, की ख्रिस्तपूर्व काळापासून लपूनछपून चालत आलेला धर्म आपल्याला सापडलाय. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं, की ही अखंड परंपरा वगैरे काही नाही, पंथ विसाव्या शतकातलाच आहे. यावर मोर्चे निघाले नाहीत. बऱ्याच जणांनी हे मान्य केलं आणि पुढच्या पौर्णिमेला पुन्हा दिवा लावला. शरद संपाताच्या सणाला 'मॅबन' हे नाव तर १९७० च्या दशकात एका अमेरिकन माणसाने दिलं, तेही त्यांना ठाऊक आहे. (आपल्याकडेही सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ चा हे शाळेत शिकवतात, त्याने आरतीचा आवाज कमी होत नाही. पण हेच कुठल्या जुन्या व्रताबद्दल कुणी म्हणून बघावं.)

आइसलँडमध्ये १९७२ पासून जुन्या नॉर्स देवांना मानणारी संस्था आहे, पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यताही मिळाली. तिचे प्रमुख हिल्मार ओर्न हिल्मार्सन, मूळचे संगीतकार. आठ पायांच्या घोड्यावरून फिरणारा एकाक्ष पुरुष (म्हणजे त्यांचा मुख्य देव ओडिन) खरोखर आहे असं कुणी मानत असेल असं त्यांना वाटत नाही. या कथा म्हणजे निसर्गशक्तींचं काव्य, असं ते पत्रकारांना सांगतात. आपल्याकडच्या एखाद्या देवस्थानाच्या अध्यक्षाने असं म्हटलं तर संध्याकाळपर्यंत राजीनामा द्यावा लागेल.

तेव्हा नास्तिक आणि पेगन एकाच अंगात मावतात का? माझ्या मते मावतात, पण अडचण देवाची नाही, जादूची आहे. देवी रूपक आहे म्हणणारी माझी मैत्रीण नोकरीच्या मुलाखतीआधी हिरवी मेणबत्ती लावते आणि "काम होतं" म्हणते. देव नाकारून मेणबत्ती मात्र लागू पडते, हे कसं? ती म्हणते, मन एकाग्र होतं. तेवढंच असेल तर माझी हरकत नाही. पण त्याच मंडळात टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य सांगून पैसे घेणारी एक बाई आहे, आणि तिथे माझ्यातली अंनिसची जुनी कार्यकर्ती जागी होते.

कारण डॉक्टर दाभोलकर नेमकं हेच सांगत. देव मानता की नाही, यावर ते अडून बसत नसत. देवाच्या नावाने फसवणूक आणि शोषण कोण करतो, हे विचारत. आणि गंमत अशी, की ब्रिटनचा १७३५ चा कायदाही याच अंगाने जायचा. चेटूक असतंच, असं त्याने मानलं नाही. ते येतं असं सोंग करणाऱ्याला शिक्षा ठेवली. तो १९५१ मध्ये रद्द झाला, त्याजागी पैशासाठी फसवणाऱ्या मांत्रिकांविरुद्धचा कायदा आला, आणि २००८ मध्ये तोही जाऊन हा विषय ग्राहक संरक्षणाच्या नियमांत गेला. भुताशी बोलणं आणि खोट्या वॉरंटीचा मिक्सर एकाच खात्यात! आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा व्हायला डॉक्टरांचा खून व्हावा लागला.

म्हणून दादाला मी पूर्ण उत्तर देऊ शकले नाही. इथे दिवा लावणं सोपं आहे, कारण त्यामागे कुणाची जात नाही, कुणाची सासू नाही, बाबा गेल्यावर आईला हळदीकुंकवाला न बोलावणाऱ्या शेजारणी नाहीत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पेगन ७४ हजार, विक्का १३ हजार आणि 'धर्म नाही' म्हणणारे २ कोटी २२ लाख. या शेवटच्या गर्दीच्या सावलीत हौसेने विच होता येतं. सातपुड्यात डाकीण ठरवलेल्या बाईला ती हौस परवडत नाही. तिच्या दारात दगड येतात ते मेंढ्या चरतात त्या रिंगणातले नव्हेत. नंदुरबारकडचा कार्यकर्ता "रूपक वगैरे नंतर बघू" म्हणाला तर मी त्याच्याच बाजूने आहे.

पण घरचा नास्तिकही, म्हणजे मीच, एक गोष्ट चुकवत आले. श्राद्ध नाकारताना मी भटजी, दर्भ आणि काळे वाटाणे सगळं एकाच पोत्यात भरून फेकलं. वाटाण्यांनी माझं काय बिघडवलं होतं?

यंदा भाद्रपदात जायचं म्हणतेय. दादाला विचारलंय, भटजी गेल्यावर मागच्या अंगणात मी माझ्या हाताने एक पान मांडलं तर चालेल का. मेसेजवर दोन निळ्या टिका आहेत, उत्तर नाही. आईने मात्र फोन करून विचारलं, वाटाणे किती भिजत घालू.