बोटीची फ्युएल होज (इंधनाची रबरी नळी): "बाहेरून चांगली आहे ना, मग राहू दे" हे चुकीचं आहे

"होजला चीर नाही तर बदलू नका, बदलायचीच असेल तर गाडीची होज लावा, डबल क्लॅम्प (होज आवळायच्या दोन पट्ट्या) मारा, झालं काम." जुन्या बोटीवाल्यांमध्ये हा सल्ला सारखा फिरतोय आणि लोक खरंच तसं करतायत, म्हणून लिहितोय.

पहिलं, चीर नाही हे. होज आतून खराब होते. इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या होजचं आतलं अस्तर मऊ करतं, मग ते सुटून आत लोंबतं, हळू चालवलं तर काही कळत नाही पण थ्रॉटल दिला की इंजिन घुटमळतं. माझ्या बोटीचा कार्बोरेटर मी दोनदा साफ केला, काळा चुरा येतच राहिला, शेवटी होज उभी चिरली तर आतून सालं निघाली आणि बाहेरून होज अगदी नव्यासारखी! कोरडं फडकं होजवर घट्ट चोळा आणि वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ती बदला, चीर असो नसो.

गाडीची होज का नको? गाडीखालून वाफ निघून जाते, बोटीला तळ बंद असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत साठते, आणि बॅटरी, स्टार्टर, पंप सगळं त्याच्या आसपासच. मरीन होजवर टाईप छापलेला असतो: ए म्हणजे अडीच मिनिटं आगीत टिकण्याची टेस्ट पास, बी म्हणजे ती टेस्ट नाही. पुढचा आकडा होजमधून पेट्रोल झिरपण्याचा, २४ तासांत दर चौरस मीटरला १ मध्ये १०० ग्रॅमपर्यंत, २ मध्ये ३००, आणि ए१-१५ मध्ये फक्त १५. इंजिन आतमध्ये असेल तर टाकीपासून इंजिनापर्यंत ए१-१५ च घ्या. अडीच मिनिटं थोडी वाटतात, पण तेवढ्यात इंजिन बंद करून एक्स्टिंग्विशर उचलता येतो.

डिझेलवाले म्हणतात आम्हाला काय. डिझेल सहज पेटत नाही हे बरोबर, पण दुसरीकडून आग लागली आणि होज जळली तर तेच डिझेल आगीत पडणार.

डबल क्लॅम्पचं अर्धंच खरं आहे. टाकीत पेट्रोल भरायच्या जाड होजला दोन्ही टोकांना दोन-दोन हवेतच. छोट्या निपलवर (होज ज्यावर चढवतात ते नळीचं तोंड) मात्र दुसऱ्याला जागाच नसते, तो निपलच्या कडेवर बसतो आणि होज कापतो, तिथे एकच लावा, होजच्या टोकापासून किमान ६ मिमी आत, आणि पट्टीला आरपार खाचा नसलेला.

आणि ही भरायची होज आणि व्हेंटची होज (टाकीतली हवा बाहेर सोडणारी), यांचं त्या सल्ल्यात नावच नाही! हात पोचत नाही म्हणून त्याच सगळ्यात जुन्या राहतात. टाकी रिकामी करा, बॅटरी काढा, होज ओढू नका, टाकीचं तोंड हलतं, उभी चिरून सोडवा. डेकवरच्या धातूच्या फिलरपासून (पेट्रोल भरायच्या तोंडापासून) टाकीपर्यंत अर्थिंगची वायर असते, या कामात ती सुटते, होज बसवली की ती परत जोडा आणि मगच पेट्रोल भरा.