दीडशे तास भरून घेता, मग वॉर्डात लागतं ते कधी शिकवणार?

शनिवारची नाईट करून आज सकाळी आठला ओव्हर दिली, म्हणजे पुढच्या ड्युटीला वॉर्ड सोपवला, नऊला सीएनईचं (नोकरीत असताना नर्सेसनी घ्यायचं शिक्षण) रजिस्ट्रेशन होतं म्हणून तोंडावर पाणी मारून तशीच धावत गेले, चारला सुटले, रविवार म्हणजे सेंट्रलला मेगाब्लॉक ठरलेलाच, डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत साडेसहा. पोरगं विचारतंय आई आज तरी घरी होतीस ना. डोकं इतकं तापलंय की झोप येणार नाही, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमचं नर्सिंग रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्यासाठी १५० तासांचं सीएनई दाखवावं लागतं. म्हणजे वर्षाला ३० तास शिकत राहायचं. या नियमावर माझं काहीच म्हणणं नाही, उलट असायलाच पाहिजे, औषधं बदलतात, कायदे बदलतात, ज्या नर्सने २० वर्षांपूर्वीचंच धरून ठेवलंय तिच्या हातात पेशंट देऊ नये. पण त्या तासांत शिकवता काय? मागच्या चार वर्षांत मी हात धुण्यावर तीन वेळा बसलेय, बायोमेडिकल वेस्टवर चार वेळा, कुठली पिशवी लाल आणि कुठली पिवळी हे मला झोपेत विचारा. सायकियाट्रीवर, म्हणजे मानसिक आजारांवर, एकदाही नाही.

म्हणून आजचं बघून मला खरंच आनंद झाला होता. विषय होता सायकियाट्रिक नर्सिंगमधले सध्याचे प्रश्न. सातशे रुपये स्वतःच्या खिशातून भरले, ऑफ अ‍ॅडजस्ट होत नव्हता तरी नाईट करून गेले, वहीत प्रश्न लिहून नेले होते. साडेनऊचा कार्यक्रम साडेदहाला सुरू, मग दीपप्रज्वलन, मग सत्कार, शाल श्रीफळ, प्रत्येक पाहुण्याचं मनोगत, त्यात साडेबारा वाजले. मग जेवण. मग दोन तासांत तीन लेक्चर, आणि तिन्ही वेळा स्लाईडवर मानसिक आरोग्याची व्याख्या. अहो समोर दीडशे नर्सेस बसल्यात, व्याख्या आम्ही परीक्षेत लिहून पास झालोय! स्लाईड वाचून दाखवायची तर पाठवून द्या ना, ट्रेनमध्ये वाचू आम्ही.

मी हात वर केला. माझा प्रश्न साधा होता. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू आहे, त्यातलं कलम ९७ सांगतं की पेशंटला बांधायचं तर फक्त तेव्हाच जेव्हा त्याला किंवा दुसऱ्याला लगेच इजा होण्याचा धोका आहे आणि दुसरा काहीच मार्ग नाही, त्यालाही सायकियाट्रिस्टची परवानगी पाहिजे, कारण, पद्धत, किती वेळ हे सगळं नोटमध्ये पाहिजे, २४ तासांत त्याच्या नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हला (पेशंटच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला) कळवायला पाहिजे, आणि स्टाफ कमी आहे एवढ्या कारणावर बांधता येणार नाही असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. बरोबरच लिहिलंय. मी स्वतः पट्ट्या बांधलेल्या माणसाच्या मनगटावरचे वळ बघितलेत, मला ते नको आहे. पण रात्री २८ पेशंटवर आम्ही दोघी आणि एक मामा (वॉर्डबॉय), ऑनकॉल डॉक्टर कॅज्युअल्टीत अडकलेला, आणि एक माणूस खुर्ची उचलून उभा आहे, तर पहिल्या दोन मिनिटांत आम्ही काय करायचं, कुठे उभं राहायचं, काय बोलायचं, बाकीच्या पेशंटना कोणी बाजूला न्यायचं? उत्तर आलं, "सिस्टर, तो लीगल विषय आहे, प्रश्न शेवटी घेऊ." शेवटी राष्ट्रगीत झालं आणि सर्टिफिकेट वाटली.

हेच तर शिकवायचं होतं ना! चिडलेल्या माणसाशी बोलायचं कसं, अंतर किती ठेवायचं, दाराकडे आपली पाठ ठेवायची की त्याची वाट मोकळी ठेवायची, आवाज खाली कसा आणायचा, एकीने बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प राहायचं, हे सगळं शिकता येतं, हे कौशल्य आहे, कोणाच्या अंगात जन्मतः नसतं. सीपीआर जसं डमीवर करून घेता तसं हे करून घ्या. अर्ध्या दिवसात होईल. सायकियाट्री वॉर्डातल्या माझ्या सहा वर्षांत कोणी घेतलं नाही, मी जे शिकले ते दोन थपडा आणि एक फुटलेला चष्मा यातून शिकले.

आणि आता खरं दुखणं सांगते. मी एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा केलाय सायकियाट्रिक नर्सिंगचा. पगार सोडून, मुलगा तीन वर्षांचा असताना, घरात रोज ऐकून घेत की "हे काय वेड्यांचं शिकायला निघालीस". मुंबईत कोणाचं डोकं फिरलं की याला ठाण्याला, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, पाठवा म्हणायची पद्धतच आहे, सासरी मी सायकियाट्री घेतली म्हटल्यावर तेच ऐकलं. तरी केलं. सहा वर्षं त्या वॉर्डात काढली. आणि आठ महिन्यांपूर्वी रोटेशन म्हणून माझी पोस्टिंग सर्जिकलला. का तर सगळ्यांनी सगळीकडे काम केलं पाहिजे. माझ्या जागी कोण, तर पास होऊन दीड वर्ष झालेली पोरगी, जिची सायकियाट्री म्हणजे शिकत असताना काही आठवड्यांची पोस्टिंग, तीही कोपऱ्यात उभं राहून बघितलेली. पोरगी चांगली आहे, मेहनती आहे, तिची यात काडीची चूक नाही.

आयसीयूतली व्हेंटिलेटर येणारी सिस्टर तुम्ही अशी उचलून दुसरीकडे टाकता का? डायलिसिसची टाकता का? नाही ना, कारण तिथे मशीन आहे, बटणं दिसतात. आमचं काम कोणाला दिसत नाही. पेशंटजवळ बसून बोललं की "सिस्टर गप्पा मारतात". अरे ते बोलणं म्हणजेच आमचं काम आहे! नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे हे हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन नर्सबाईंनी १९५२ मध्ये लिहून ठेवलंय, सत्तर वर्षं होऊन गेली, तरी आमच्या इनचार्जला केसपेपर भरलेले दिसले की काम झालं.

दोन महिन्यांपूर्वी रात्री दीडला त्याच पोरीचा फोन. रडत होती. "ताई, त्या नवीन पेशंटची मान वाकडी झालीय, डोळे वर गेलेत, मामा म्हणतात नाटक करतोय, लक्ष देऊ नका." मी विचारलं इंजेक्शन काय दिलं होतं. संध्याकाळी हॅलोपेरिडॉल, सायकोसिसचं औषध. तिला म्हटलं नाटक नाही हे, अ‍ॅक्युट डिस्टोनिया आहे, औषधाने स्नायू आखडतात तो, आत्ताच्या आत्ता डॉक्टरला कॉल दे, नेमका हाच शब्द वापर, येईपर्यंत त्याच्या बाजूला बस आणि त्याला सांगत राहा की हे औषधामुळे झालंय आणि उतरणार आहे. डॉक्टर आले, त्यावरचं फेनरगन दिलं, थोड्या वेळात मान सरळ झाली. पण तोपर्यंत पाऊण तास तो २२ वर्षांचा मुलगा तसाच वाकड्या मानेने पडलेला, पूर्ण शुद्धीत, सगळं ऐकू येत होतं त्याला, नाटकी म्हणाले तेही. तो मुलगा आता औषध घेईल का हो पुन्हा? त्याची आई नंतर मला लिफ्टमध्ये भेटली, म्हणाली, तो म्हणतोय मला त्या इंजेक्शनपेक्षा मेलेलं बरं. मी काय बोलणार होते, आता तो माझा वॉर्ड नाही.

अशा किती गोष्टी आहेत ज्या पुस्तकात एका ओळीत असतात आणि वॉर्डात जीवावर बेततात. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधावरच्या पेशंटचा पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्ताचा रिपोर्ट बघायचा हे माहीत असतं, पण त्याला रोज संडास झाली का हे विचारायचं आणि नाही म्हणाला तर हसण्यावारी न्यायचं नाही, आतडी बंद पडून माणूस जाऊ शकतो, हे कोण सांगणार? डिप्रेशनचा पेशंट औषध सुरू झाल्यावर जरा उठूबसू लागला की नातेवाईक आणि स्टाफ दोघं निवांत होतात, आणि नेमकं तेव्हाच जास्त लक्ष ठेवायचं असतं, कारण अंगात ताकद आधी येते आणि मन मागून येतं. लिथियमवर (बायपोलर आजाराचं औषध, रक्तात जास्त झालं की विषारी) असलेल्याचे हात नेहमीपेक्षा जास्त थरथरायला लागले, उलट्या जुलाब झाले, चालताना तोल जायला लागला तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरला बोलवायचं आणि रक्तातली लिथियमची लेव्हल तपासायला पाठवायची. एकेक गोष्ट वीस मिनिटांत शिकवून होते. वॉर्डातच, ओव्हरच्या वेळी. मी इनचार्ज सिस्टरना लिहून दिलं होतं की मला आठवड्यातून एक दिवस अर्धा तास द्या, मी फुकट शिकवते. उत्तर आलं क्रेडिट अवर्स, म्हणजे त्या दीडशेत धरले जाणारे तास, मिळत नाहीत त्याला, कोण येणार.

कायदा बघायला जावं तर तिथेही अडचण. त्याच २०१७ च्या अ‍ॅक्टमध्ये मेंटल हेल्थ नर्सची व्याख्या आहे, त्यात जनरल नर्सिंगचा डिप्लोमा किंवा डिग्री असली आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलं तरी चालतं, सायकियाट्रिक नर्सिंगचं शिक्षण असलंच पाहिजे असं नाही. मला कळतं का ते, स्पेशल शिकलेल्या नर्सेस देशात आहेतच किती, सगळ्यांना बाहेर ठेवलं तर वॉर्ड बंद पडतील. पण मग निदान आहेत त्या तरी जागेवर ठेवा ना. मेट्रन मॅडमना मी हेच म्हणाले तर त्यांनी मलाच ही व्याख्या सांगितली, "कायद्याने कोणीही चालतं सिस्टर." १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, मात्र मेन लॉबीत हिरव्या रिबिनी, पोस्टर स्पर्धा, फोटो. त्या फोटोसाठी मला सर्जिकलमधून खाली बोलावलं होतं.

बुधवारी मी परत अर्ज देणार आहे, तिसरा. यावेळी सोबत डिप्लोमाची झेरॉक्स, आणि त्या पोरीने किती वेळा फोन केला त्याच्या तारखा, तिची परवानगी घेऊन.

बाजूला फोन वाजतोय मघापासून. आत्ता उघडून बघितला तर तिचाच मेसेज. "ताई लिथियमवाल्या आजोबांना दुपारपासून दोनदा उलटी झालीय, हात पण खूप हलतायत, आठचा डोस देऊ का?" थांबते इथेच, तिला फोन लावते.