ॲक्च्युएटर इंजिन उचलतो, पण सोडत नाही

जुन्या आउटबोर्डला, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाला, घरच्या घरी पॉवर टिल्ट (स्विच दाबून इंजिन पाण्याबाहेर उचलण्याची सोय) बसवण्याची एक कृती हल्ली हातोहात फिरते आहे. ती अशी: १२ व्होल्टचा, २२५ किलो जोराचा लिनिअर ॲक्च्युएटर (मोटरने स्क्रू फिरवून दांडा आत-बाहेर सरकवणारं यंत्र) घ्या, दोन ब्रॅकेट करून घ्या, टिल्ट पिन (इंजिन ज्यावर टेकतं ती) आणि रिव्हर्स लॉक (रिव्हर्समध्ये इंजिन खाली धरणारा हुक) काढून टाका, गाडीच्या पॉवर विंडोचा स्विच जोडा. इंजिन ५० किलोचं आणि ॲक्च्युएटर २२५ किलोचा, म्हणजे ताकद चौपट. शिवाय ट्रिम फुकटात. एका दुपारचं काम.

पॉवर टिल्ट स्वतः बसवूच नये, असं माझं म्हणणं नाही. पाठ धरलेल्या माणसाने दर वेळी मागे वाकून इंजिन ओढायचं, हे हाल मला चांगले ठाऊक आहेत. माझ्या २५ एचपी टू-स्ट्रोकवर मी स्वतः केलेला टिल्ट आहे आणि तो रोज वापरात आहे. पण पहिल्यांदा मी याच कृतीबरहुकूम गेलो होतो, आणि ती कुठे चुकते ते इंजिनानेच मला दाखवलं.

आधी ते ‘चौपट ताकद’ पाहू. ॲक्च्युएटर इंजिन सरळ वर उचलत नाही, टिल्ट ट्यूबभोवती, म्हणजे इंजिन ज्या आडव्या नळीवर वर-खाली होतं तिच्याभोवती, फिरवतो. त्यामुळे वजनाइतकंच अंतरही मोजावं लागतं. इंजिनाचा गुरुत्वमध्य ट्यूबपासून साधारण ३० सेंटीमीटर मागे धरा. ॲक्च्युएटरला मात्र ब्रॅकेटवर जेमतेम ८ सेंटीमीटरचा हात (ट्यूबपासून जोर लागतो तिथवरचं अंतर) मिळतो, कारण तिथे जागाच तेवढी असते. ५० गुणिले ३० भागिले ८, म्हणजे जवळजवळ १९० किलो. लाटेवर होडी आपटली की उरलेले ३५ किलो कुठल्या कुठे जातात. तुमच्या इंजिनाचे आकडे वेगळे असतील, पण टेप लावून हा हिशेब केल्याशिवाय ॲक्च्युएटर विकत घेऊ नका.

आता फुकटातला ट्रिम. टिल्ट म्हणजे बंद इंजिन पाण्याबाहेर उचलणं. ट्रिम म्हणजे इंजिन जोरात चालू असताना त्याचा कोन बदलणं. पुढे जाताना पंखा जो रेटा देतो, तो सगळा खालच्या टिल्ट पिनवर येतो. पिन होडीच्या दोन्ही ब्रॅकेटमध्ये आरपार बसलेली असते, म्हणून ती तो सोसते. ती काढली की रेटा ॲक्च्युएटरवर येतो. २५ एचपीचा रेटा १०० किलो धरा. पंख्याचा दांडा टिल्ट ट्यूबच्या साधारण ६० सेंटीमीटर खाली आणि ॲक्च्युएटरचा हात तोच ८ सेंटीमीटरचा. आकडा येतो ७५० किलो. २२५ किलोच्या यंत्राच्या स्क्रूवर, त्याच्या प्लॅस्टिकच्या नटवर, दोन बारीक पिनांवर, तेही इंजिनाच्या थरथरीसकट. कंपनीच्या सिस्टीममध्ये हा भार हायड्रॉलिक सिलिंडर घेतात, आणि ते त्याच भारासाठी बनवलेले असतात. तेव्हा पिन जागेवरच राहू द्या आणि ट्रिम विसरा. घरच्या ॲक्च्युएटरने फक्त उचलायचं.

रिव्हर्स लॉकचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. ‘आता ॲक्च्युएटर धरून ठेवतो, मग हुकाचं काय काम?’ असं त्या कृतीत सरळ म्हटलंय. हुकाची कामं दोन. रिव्हर्समध्ये पंखा इंजिनाचा पाय (पाण्यातला खालचा भाग) मागे खेचतो, तेव्हा इंजिन वर उसळू न देणं हे पहिलं. आणि पुढे जाताना पाय कशावर आपटला, तर इंजिनाला वर उडून जाऊ देणं हे दुसरं. स्क्रूचा ॲक्च्युएटर पहिलं काम कसंबसं करतो. दुसरं तो करूच शकत नाही, कारण स्क्रू उलट्या जोराने सहसा फिरत नाही. कंपनीच्या टिल्ट सिलिंडरच्या पिस्टनमध्ये धक्क्यासाठी झडपा असतात. जोराचा दणका बसला की त्या उघडतात, तेल एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं, इंजिन वर उडतं आणि मग बेताने खाली येतं. या झडपांचा त्या कृतीत उल्लेखही नाही.

माझ्याकडे ॲक्च्युएटर दोन्ही टोकांना पिनने घट्ट बांधलेला होता. उथळ पाण्यात, चालण्याच्या वेगाने जात असताना, पाण्याखालच्या एका बुंध्यावर इंजिनाचा पाय बसला. ‘ठक्’ असा एकच आवाज. ॲक्च्युएटर शाबूत होता. स्विव्हल ब्रॅकेटचा (इंजिनासोबत वर-खाली होणाऱ्या ब्रॅकेटचा), ॲक्च्युएटर ज्याला जोडला होता तो कान मात्र मुळापासून तुटला होता. आत राखाडी, दाणेदार ओतीव ॲल्युमिनियम, कुठे वाकल्याची खूणसुद्धा नाही. ओतीव धातू आधी इशारा देत नाही. वेग जास्त असता तर तडा ट्रान्समवरच्या, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवरच्या, ब्रॅकेटला गेला असता, आणि मग इंजिन होडीवर राहिलं असतं की नाही, कोण जाणे.

आता माझा ॲक्च्युएटर फक्त ढकलतो, धरत नाही. त्याच्या टोकाला पिनसाठी भोकाऐवजी लांबट खाच आहे. ॲक्च्युएटर पूर्ण आत असताना इंजिन टिल्ट पिनवर टेकलेलं असतं आणि खाचेच्या लांबीइतकं मोकळेपणी वर उडू शकतं. खाच लहान ठेवली तर सगळा खटाटोप फुकट, म्हणून ती हाताने इंजिन उचलून तपासा. रिव्हर्स लॉक पुन्हा जागेवर आहे. उचलण्याआधी तो हाताने सोडावा लागतो, आणि न सोडता स्विच दाबला तर ॲक्च्युएटर हुकाशी झुंजत बसतो. तेवढी सवय लावून घ्यावी लागली.

‘आयपी ६६ आहे, पाण्याची भीती नाही’ हाही एक दावा. आयपी ६६ म्हणजे जोराचा फवारा सोसणं. बुडणं त्यात येत नाही, त्यासाठी आयपी ६७ लागतं, आणि खाऱ्या पाण्याने गंजण्याबद्दल दोन्ही आकडे गप्प आहेत. दांडा ओला असताना आत ओढला जातो, तेव्हा सीलवर जे होतं तेही वेगळंच. ॲक्च्युएटर जितका वर बसवता येईल तितका बसवा.

बॅटरी उतरेल ही भीती मात्र अनाठायी आहे, इथे ती कृती बरोबर आहे. २० अँपिअर अर्धा मिनिट म्हणजे अँपिअर-अवरचा फक्त सहावा हिस्सा. अडचण तारेची आहे. जाऊन-येऊन १० मीटर, २.५ चौरस मिलिमीटरची तार घातली तर २० अँपिअरला जवळपास १.४ व्होल्ट तारेतच जातात आणि ॲक्च्युएटर ऐन भारात रडतो. ६ चौरस मिलिमीटरला हीच घट ०.६ व्होल्टच्या आत राहते. फ्यूज बॅटरीजवळ हवा, स्विचजवळ नको.

आणि तो पॉवर विंडोचा स्विच पेट्रोलच्या टाकीजवळ बसवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते, आणि साधा स्विच किंवा रिले तुटता-जुळताना ठिणगी टाकतोच. बोटींसाठी ठिणगी बाहेर न येणारे भाग मिळतात, एसएई जे११७१ या मानकाचे. टाकी बंदिस्त जागेत असेल तर तेच घ्या.

शेवटची गोष्ट, जी त्या कृतीत अजिबात नाही. हायड्रॉलिकला हाताने सोडायचा स्क्रू असतो, बॅटरी मेली तरी इंजिन वर घेता येतं. माझ्या ॲक्च्युएटरची वरची पिन म्हणूनच कडीची आहे, पान्याशिवाय निघते. अंधारात, ओल्या हाताने, दोनदा काढून पाहिली आहे.